कोडला आडनाव नसते; लिहिणाऱ्याला असते

संगणकाच्या जगात एक वाक्य मोठ्या अभिमानाने ऐकवले जाते. येथे तुमचे नाव, गाव, पदवी कोणी विचारत नाही; तुम्ही लिहिलेला कोड तेवढा पाहतात. ज्या देशात ओळख होताच पहिला प्रश्न आडनावाचा येतो आणि आडनाव कळताच समोरच्याचा चेहरा बदलतो, त्या देशातील तरुणाला हे ऐकून हायसे वाटले तर नवल नाही. पण ऐकलेल्या वाक्यावर मान डोलावण्यापूर्वी ते तपासून पाहावे, ही आमची सवय आहे. म्हणून ओपन सोर्स सॉफ्टवेअरला कोड देण्याची रीत प्रत्यक्षात कशी चालते, ते आज पाहू.

विकत मिळणारे बहुतेक सॉफ्टवेअर बंद असते. आपण ते वापरू शकतो, आत काय लिहिले आहे ते वाचू शकत नाही. वाचण्याची बंदी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी या बंदीला आव्हान देत ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ साली त्यांनी एक परवाना तयार केला. मूळ कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. मात्र बदललेला प्रोग्राम वाटणाऱ्याने आपला कोडही तसाच खुला ठेवावा, अशी त्याची अट. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला आणि पुढच्याच वर्षी तो याच परवान्याखाली आणला. आज जगातील पहिल्या ५०० महासंगणकांवर लिनक्स चालते. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तेच आहे.

या लिनक्समध्ये चूक सापडली तर ती दुरुस्त करून कोणीही पाठवू शकतो. या दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात. पॅच लहान असावा, एका वेळी एकच काम करणारा असावा. काय बिघडले होते आणि हाच उपाय का, हे साध्या शब्दांत लिहावे. तो त्या भागाच्या मेंटेनरकडे, म्हणजे राखणदाराकडे, सर्वांच्या देखत ई-मेलने जातो. इतर जाणकार त्यातील उणिवा काढतात. पाठवणारा दुसरी, तिसरी, कधी दहावी आवृत्ती पाठवतो. मेंटेनरचे समाधान झाले तरच तो आत घेतला जातो. कोणती ओळ कोणी, कधी, कशासाठी लिहिली, याची नोंद ‘गिट’ या प्रणालीत कायम राहते. हे गिटसुद्धा टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली लिहिले. गुणपत्रिका, ओळखपत्र, शिफारसपत्र यांपैकी काहीही लागत नाही. ही गोष्ट लहान नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण नावाचे काय? २००४ पासून प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याला सही करावी लागते. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती हमी असते. २०२३ पर्यंत तर तेथे टोपणनावही चालत नव्हते, आणि निनावी पॅच आजही चालत नाही. म्हणजे नाव आलेच!

नाव आले की काय होते? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात ‘गिटहब’वरील लाखो दुरुस्त्या तपासल्या गेल्या. एकंदरीत पाहता स्त्रियांनी पाठवलेला कोड पुरुषांच्या कोडपेक्षा अधिक प्रमाणात स्वीकारला गेला होता. परंतु पाठवणारी प्रकल्पाला अनोळखी असेल आणि नावाफोटोवरून ती स्त्री आहे हे कळत असेल, तेथे हे प्रमाण पुरुषांच्याही खाली घसरले. कोड लिहिणारी स्त्रीच. फक्त ती कोण हे वाचणाऱ्याला कळले. आम्ही विचारतो, नावावरून स्त्री ओळखणारी नजर आडनावावरून दुसरे काही ओळखणार नाही, याची खात्री कोण देणार?

दुसरा प्रश्न वेळेचा. फुकट काम करायला फुरसत लागते आणि फुरसत सर्वांना सारखी वाटलेली नाही. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा जगाला कळले की असंख्य संकेतस्थळांच्या व्यवहारांना कुलूप लावणाऱ्या ‘ओपनएसएसएल’साठी पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता आणि देणगी वर्षाला सुमारे २ हजार डॉलर मिळत होती. लिनक्सचा गाभाही आज मुख्यतः कंपन्यांचे पगारी प्रोग्रामर लिहितात. दिवसा कॉलेज आणि रात्री कामावर जाणाऱ्या मुलाने या शर्यतीत कसे उतरावे? यावर काही उपाय झाले आहेत. गुगलचा ‘समर ऑफ कोड’ २००५ पासून नवशिक्यांना मानधन देतो. ‘ग्नोम’ प्रकल्पाने २००६ साली स्त्रियांसाठी सुरू केलेल्या उपक्रमातून पुढे ‘आउटरीची’ उभी राहिली. आपल्या समाजात भेदभाव सोसलेल्यांना ती मानधनासह काम देते. संधी आपोआप समान होत नाही, ती करावी लागते, हे तेथील जाणत्यांनाही पटले, असाच याचा अर्थ.

मग आपल्या मुलांनी तिकडे वळावे का? अवश्य वळावे, आणि त्याचे कारण आमच्या भाषेतच आहे. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. हा फरक करणाऱ्या अर्ध्या ऱ साठी युनिकोडमध्ये वेगळी तरतूद आहे. पण फॉन्टने ते अक्षर चुकीचे काढले तर परदेशातील इंजिनिअरला ते कळणार कसे? अँड्रॉइड, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांत अक्षरे जुळवण्याचे काम ‘हार्फबझ’ हा खुला कोड करतो. त्यात मराठीची चूक राहिली तर ती मराठी वाचणाऱ्यालाच दिसणार.

आम्ही प्रोग्रामर नाही. तरीही एका खुल्या प्रोग्रामच्या मराठी भाषांतरात ‘जतन करा’च्या जागी ‘वाचवा’ असे छापलेले पाहून आम्ही दुरुस्ती पाठवली. महिनाभर उत्तर नाही. मग एका अनोळखी माणसाने तीन प्रश्न विचारले. आवृत्ती कोणती, दिसते काय, दिसायला हवे काय? पुढच्या आवृत्तीत शब्द बदललेला होता. एकच शब्द, पण तो आमच्या सांगण्यावरून बदलला.

वसतिगृहात, अभ्यासिकेत बसलेल्या तरुण मित्रांनो, सुरुवात एवढ्याशा कामापासूनच होते. आधी चूक नीट कळवा, माहितीपत्रक सुधारा, भाषांतर करा, मग कोडला हात घाला. पॅच परत आला तर खचू नका. तेथे मोठमोठ्यांचेही परत येतात. आणि चार पॅच स्वीकारले गेले म्हणून थांबू नका. काय आत घ्यायचे आणि काय नाही, हे शेवटी मेंटेनर ठरवतो. ती खुर्ची कोणाच्या नावाने राखीव नाही आणि कोणी ती आणूनही देणार नाही. वर्षानुवर्षे काम करून तीच मिळवायची आहे. त्या खुर्चीवर आपला माणूस बसेल, तेव्हा खाली आलेल्या नव्या पॅचवरचे आडनाव त्याने पाहू नये, एवढीच आमची त्याच्याकडून अपेक्षा राहील.