तीन की सात?

मार्च २००९. सॅन फ्रान्सिस्कोत रात्रीच्या वेळी एक महिला गडद लाल लेक्ससमधून चालली होती. पोलिसांच्या गस्ती गाडीवरच्या कॅमेऱ्याने तिची नंबरप्लेट टिपली आणि इंग्रजी तीनचा आकडा सात असा वाचला. सातचा नंबर निघाला चोरीच्या वाहनाचा. ते वाहन म्हणजे करडा जीएमसी ट्रक! तरीही पोलिसांनी तिच्यावर बंदुका रोखल्या, तिला गुडघ्यांवर बसवलं, बेड्या घातल्या. प्लेट नीट वाचली गेली ती या सगळ्यानंतर. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तिचा दावा ज्युरीपुढे जाण्याचा मार्ग मोकळा केला.

नंबरप्लेट वाचणाऱ्या यंत्राचं काम तसं सरळ आहे. अवरक्त प्रकाश टाकला की परावर्तक लेपाची प्लेट उजळते. मग एकेक अक्षर सुटं करून ओळखायचं आणि संशयित वाहनांच्या यादीशी ताडायचं. १९७६ साली ब्रिटिश पोलिसांच्या विज्ञान शाखेत हे तंत्र जन्मलं.

अक्षरांच्या घोळावरचा सर्वांत देखणा उपाय मात्र जर्मनीतला, आणि तो सुचला अतिरेक्यांमुळे. १९७० च्या दशकात रेड आर्मी फॅक्शन या अतिरेकी संघटनेचा धुमाकूळ चालू होता. थोडा काळा रंग फासला की प्लेटवरच्या 'पी'चा 'आर' होई, तीनचा आठ. तेव्हा कार्लगेऑर्ग होफर या सुलेखनकाराने मुद्दाम विजोड अक्षरं घडवली: 'एफ'ला रेघ जोडून 'ई' साधत नाही. दिसायला जरा बेढबच, पण यंत्रालाही ती वेगवेगळी ओळखता येतात.

पण नंबर अचूक वाचला गेला, की खरा प्रश्न सुरू होतो. प्रत्येक फोटोसोबत वेळ आणि ठिकाणही साठतं. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांना २०२० मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांकडे ३२ कोटी फोटो आढळले. त्यातल्या ९९.९ टक्के गाड्या फोटो काढला तेव्हा कुठल्याच यादीत नव्हत्या. अशा साठ्यातून कोण कधी कुठल्या दवाखान्यात गेलं, हे सहज कळतं. कॅन्ससमध्ये २०२२ मध्ये एका पोलिस अधिकाऱ्याला अटक झाली, ती अशाच कॅमेऱ्यांनी विभक्त पत्नीचा माग काढल्याबद्दल.

यादीशी जुळणी क्षणार्धात होते. म्हणूनच न्यू हॅम्पशायरचा कायदा न जुळलेली नोंद तीन मिनिटांत पुसायला लावतो. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानेही २००८ मध्ये अशी नोंद ताबडतोब नष्ट करण्याची अट घातली. तपास अधिकाऱ्यांचा यावर आक्षेप असतो. खून आज उघडकीस आला, तर गेल्या आठवड्यातली गाडी शोधायची कशी? मुद्दा रास्त आहे. मात्र जुन्या नोंदी तपासाला किती दिवस उपयोगी पडतात, याचा विचार न करताच साठवणुकीची मुदत ठरवली गेल्याचं कॅलिफोर्नियाच्या त्याच लेखापरीक्षणात दिसून आलं.