सेकंड इनिंग, व्हाया वेलिंग्टन!

ऑफिसात कुणी पंचेचाळिशी ओलांडली, की आपण मनात म्हणतो, आता हा कुठं जातोय? खुर्ची, ईएमआय, पीएफ... झाला सेटल! पण चार्ल्स मॅककॅन नावाचा एक अवलिया नेमका याच वयात मुंबईतलं जमलेलं करिअर सोडून थेट न्यूझीलंडला गेला.

पहिली इनिंग जोरदार होती. जन्म १८९९चा, कॅसलरॉकचा. गोव्याकडे जाताना घाट लागतो ना, तिथलंच ते स्टेशन. पुढे तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत आला. आधी जंगलात फिरून नमुने गोळा करायचे, मग असिस्टंट क्युरेटर. प्राणीवाला असूनही वनस्पतींचं जबरदस्त वेड. झेवियर्स कॉलेजच्या फादर ब्लॅटर या स्विस पाद्र्याबरोबर त्यानं मुंबई इलाख्यातल्या गवतांवर अख्खा ग्रंथ लिहिला. १९३४ मध्ये ब्लॅटर गेले, पुस्तक १९३५ मध्ये आलं. वीकएंडला वर्ध्याच्या बोर अभयारण्यात काळतोंड्या वानरांचे फोटो काढता ना? त्या वानरांच्या सवयींवर मॅककॅननं १९२८ मध्येच सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहून ठेवलंय!

आणि मग, देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास, त्यानं बॅग भरली. वेलिंग्टनच्या डोमिनियन म्युझियममध्ये तो प्राणिशास्त्रज्ञ झाला. पण तिथं ना वाघ, ना वानर, ना जमिनीवरचे साप. मूळचे सस्तन प्राणी म्हणाल तर जमिनीवर फक्त वटवाघळं! पंचवीसेक वर्षांच्या अनुभवातलं बरंचसं एका झटक्यात बाद. आपण असतो तर रोज मुंबईच्या आठवणी काढत बसलो असतो.

यानं काय केलं? तिथं जे होतं, ते बघायला घेतलं. म्हणजे पाली आणि सापसुरळ्या. आपल्याकडे पाल अंडी घालते. न्यूझीलंडच्या पाली मात्र थेट पिल्लांना जन्म देतात. अशा या मंडळींवर त्यानं १९५५ मध्ये मोठं पुस्तकच काढलं. नवा प्राणी, नवा देश, पण कामाची पद्धत तीच: गोळा करा, मोजा, ताडून बघा, लिहा.

१९८० मध्ये वेलिंग्टनलाच तो गेला. त्यानंतर दहा वर्षांनी संशोधकांच्या लक्षात आलं, की न्यूझीलंडमधल्या एकसारख्या दिसणाऱ्या सापसुरळ्या खरं तर वेगवेगळ्या जातींच्या आहेत. त्यातल्या एकीला त्यांनी नाव दिलं, ‘मॅककॅन्स स्किंक’. इकडे आपल्या सह्याद्रीतल्या एका दुर्मिळ कंदीलपुष्पालाही त्याचंच नाव आहे, सेरोपेजिया मॅककॅनाय. पहिल्या नोकरीच्या देशात फूल, दुसऱ्या नोकरीच्या देशात सापसुरळी!

तेव्हा बॉस, ट्रान्स्फरची ऑर्डर हातात पडली आणि नव्या ऑफिसात आपलं जुनं ज्ञान चालेना, तर लगेच हिरमुसू नका. आधी जरा बघा, तिथल्या भिंतीवर काय सरपटतंय ते.