म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीचे पाणी

1969 साली चार्ल्स टाउन्स आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या हॅट क्रीकच्या सहा मीटर रेडिओ दुर्बिणीतून आकाशात पाणी सापडल्याचे जाहीर केले. पाण्याचा 22,235 मेगाहर्ट्झवर येणारा हा संकेत अपेक्षेपेक्षा कितीतरी प्रखर होता, कारण लहरी वाटेतच वाढत होत्या. लहरी अशा वाढवणाऱ्या ज्या मेसरच्या कामासाठी टाउन्स 1964 च्या नोबेलचे मानकरी ठरले, तो निसर्गात आधीपासूनच चालू होता.

त्याच वर्षी हे पाणी व्हीवाय कॅनिस मेजॉरिस या तांबड्या महाराक्षसी ताऱ्याभोवतीही आढळले. लंडनहून तो क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर चढतो. पाचगणीच्या टेबललँडवरून चांगला 46 अंश. हिवाळ्यात व्याधाच्या आग्नेयेला द्विनेत्रीने शोधावा.

म्हातारा तारा फुगतो आणि अंगावरचे थर बाहेर टाकतो. त्या वायूत ऑक्सिजन व हायड्रोजन जुळून वाफ होते. टकरींमुळे तिचे बरेच रेणू वरच्या ऊर्जापातळीवर साठतात. एक लहर आली की तिच्याबरोबर तशाच लहरी सुटत जातात. यातून दिसणारे तेजस्वी ठिपके पुढे मोजपट्टी ठरले, आणि मला या साऱ्या इतिहासात हेच सर्वांत मोलाचे वाटते. 2008 मध्ये जपानच्या वेरा दुर्बिणींनी ठिपक्यांचे सरकणे मोजून व्हीवायचे अंतर सुमारे 3,700 प्रकाशवर्षे ठरवले. आधी ते 4,900 च्या आसपास धरले जाई. तारा जवळ आला, तसे त्याचे तेजही कमी मानावे लागले. 2002 मध्ये गरुड तारकासमूहातल्या डब्ल्यू43ए ताऱ्याचे पाणी दोन विरुद्ध दिशांना कारंज्यासारखे, सेकंदाला सुमारे 145 किलोमीटर वेगाने सुटताना दिसले. 2006 मध्ये त्यामागे चुंबकीय क्षेत्राचा हात असल्याचे कळले.

पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला मात्र हे पाणी दिसत नाही. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती दीर्घ लहरींसाठी रचली. तिच्या तबकड्या जाळीच्या आहेत, छिद्रे 10 ते 20 मिलिमीटरची. पाण्याच्या साडेतेरा मिलिमीटरच्या लहरी त्यातून निसटतात. शिवाय सह्याद्रीवरचे पावसाळी बाष्प नेमकी हीच वारंवारता शोषून घेते.

तरी एक काम आपल्या हातचे आहे. अशा रूपविकारी ताऱ्यांचा दृश्य प्रकाश वरखाली होतो, तशी काही काळाने मेसरची तीव्रताही बदलते. मृगाजवळचा यू ओरायनिस सुमारे 368 दिवसांनी उजळतो आणि त्या शिखराजवळ साध्या द्विनेत्रीत दिसतो. अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था 1911 पासून अशा नोंदी हौशी निरीक्षकांकडून घेते. पाचगणीच्या शाळांनी त्या पाठवायला सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.