धुक्यात ‘ऑटो’वर विसंबू नका!

मैत्रिणींनो, थंडीत पहाटे सुप्याहून पुण्याला निघालात, तर वाटेत धुकं लागू शकतं. ‘दिवे काय, आपोआप लागतात’ म्हणून निर्धास्त राहू नका बरं! ‘ऑटो’ उजेड पाहतो, धुकं नाही. उजाडल्यावर दाट धुक्यातही हेडलाइट बंद राहू शकतात. पुढचे बारीक दिवे दिसतात, पण मागचे लाल दिवे बहुधा विझलेले. मग मागच्या ट्रकला तुम्ही दिसणार कशा?

म्हणून बटण हातानंच फिरवा. झोत खालचा ठेवा. वरचा धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. मग फॉगलाइट लावा. बऱ्याच गाड्यांत आधी दिवे लावल्याशिवाय ते लागतच नाहीत. धुकं विरलं, की आठवणीनं बंद करा. इतरांचे डोळे दिपतात.

गाडी ‘हे’ चालवत असले, तरी निघताना एवढं विचाराच, “मागचे दिवे लागलेत ना?”