महिना ९९२ युरो

बँकेत असताना शैक्षणिक कर्जाची कितीतरी प्रकरणं माझ्या सहीनं मंजूर झाली. साडेसात लाखांपुढे तारण लागे. बहुधा वडिलांचा फ्लॅट. त्या पैशाचं पुढे काय होतं, ते आता स्टुटगार्टला शिकणारी भाची मला फोनवर सांगते.

जर्मनीच्या व्हिसासाठी तिनं वर्षाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवले. त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. मासिक तिकिटावर देशभर हिंडता येतं, पण वेगवान गाड्या वर्ज्य. पोरगी डबा बांधून साध्या गाडीनं उल्मला गेली आणि चर्चचा १६१ मीटरचा मनोरा पाहून आली.

खरी गंमत इंटर्नशिपची. अभ्यासक्रमानं सक्तीची केलेली असेल तर किमान वेतनाचा कायदा लागू नाही; स्वेच्छेनं तीन महिन्यांहून अधिक केली तर लागू! (असलं परिपत्रक आमच्या हेड ऑफिसलाही सुचलं नसतं.) भाचीची सक्तीची. मिळतं त्यात खोलीभाडं निघतं. इकडे हप्ते सुरू नाहीत, व्याज मात्र चढतंच आहे.

परवा म्हणाली, “मामा, आज साहेब जर्मनमध्ये माझ्यावर ओरडला, आणि मला शब्दन्‌शब्द कळला!”

व्याजाचा विषय मी त्या दिवशी काढला नाही.