पंखाआधी टाकी बघा
वेगामागचं गणित : भाग ७

मागचे दोन भाग आपण मोठ्या संघांच्या पंखांत आणि डिफ्यूझरमध्ये रमलो. आता खिशात फारसे पैसे नसलेल्या संघाकडे वळू. अशा संघाची नवी गाडी मोसमाआधी कशी जोखायची? उदाहरण घेऊ व्हर्जिन रेसिंगच्या २०१० च्या व्हीआर-०१ चं.

पार्श्वभूमी थोडक्यात. २००९ मध्ये ‘एफआयए’चे अध्यक्ष मॅक्स मोझली यांनी फॉर्म्युला वनमध्ये वर्षाला चार कोटी पौंडांची खर्चमर्यादा आणायचं घाटलं. त्या भरवशावर काही नवे संघ अर्ज करून आत आले. बड्या संघांनी वेगळी चूल मांडायची धमकी दिली आणि मर्यादा बारगळली. नवे संघ मात्र आत अडकले. यॉर्कशरचा मॅनॉर त्यातलाच. पुढे त्याला व्हर्जिनचं नाव लागलं.

गाडी केली निक वर्थ यांनी आणि तीही विंड टनेलची पायरी न चढता, सगळी संगणकावर. या पद्धतीला ‘सीएफडी’ म्हणतात. गाडीभोवतालच्या हवेचे कोट्यवधी बारीक कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यात दाब किती, वेग किती, हे संगणकाकडून सोडवून घ्यायचं. हवा पृष्ठभागाला धरून वाहते तिथे हे गणित छान जमतं. फिरत्या उघड्या चाकामागे ती भोवरे घालत फुटते, तिथे मात्र अंदाजाची सूत्रं वापरावी लागतात. आणि फॉर्म्युला वनच्या गाडीला चाकं उघडीच असतात! म्हणून श्रीमंत संघ संगणकाचं उत्तर विंड टनेलमध्ये छोट्या प्रतिकृतीवर ताडून बघतात आणि मग ट्रॅकवर पुन्हा एकदा.

वर्थना वेड्यात काढणं सोपं आहे, पण अन्यायाचं. टनेलचा खर्च परवडत नसेल तर तो पैसा संगणकात घालणं हा हिशेबी निर्णय होता. अमेरिकेतल्या अक्युराच्या स्पोर्ट्स कारचं काम त्यांनी असंच संगणकावर भिस्त ठेवून केलं होतं आणि ती जिंकली होती. फेब्रुवारीत गाडी इंटरनेटवर दाखवली गेली तेव्हा चर्चा साहजिकच एवढ्यापुरतीच राहिली, की संगणकावरची हवा खरी निघते की नाही. काळ्या-लाल रंगात गाडी दिसायलाही नेटकी होती.

हेरेथच्या सरावात संघाचा चालक टिमो ग्लॉक याच्या गाडीचा पुढचा पंख ट्रॅकवरच निखळला. जाणकारांनी इथे कान टवकारायला हवे होते. आकार चुकला तर वेळ जातो. पण तुकडा तुटला, की जोडणी, ताकद, तपासणी यांपैकी कुठेतरी माणसं आणि दिवस कमी पडलेत हे कळतं. लहान संघाला सुटे पंख मोजून परवडतात, त्यामुळे एक पंख गेला की सरावही गेला.

खरी गोम दिसणाऱ्या भागात नव्हतीच. २०१० पासून शर्यतीच्या मध्ये इंधन भरायला बंदी आली. सुरुवातीलाच दीडशे-एकशेसाठ किलो पेट्रोल पोटात घेऊन निघायचं आणि शेवटपर्यंत पुरवायचं. मोसम सुरू झाल्यावर मार्चमध्ये बाहेर आलं, की व्हर्जिनची टाकीच लहान पडतेय. काही ट्रॅकवर पूर्ण वेगानं शर्यत संपवण्याइतकं पेट्रोल तिच्यात मावत नव्हतं.

पेट्रोलची ही पिशवी चालकाच्या पाठीमागे, इंजिनाच्या पुढ्यात, कार्बन फायबरच्या सांगाड्याच्या आतच बसवलेली असते. ती वाढवायची म्हणजे सांगाडा लांबवायचा. सांगाडा लांबला की पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढतं, वजनाची वाटणी हलते, तळपट्टी आणि इंजिनावरचं आवरण नव्यानं करावं लागतं. त्यात सांगाडा मोसमाआधी मंजूर होऊन गोठवलेला असतो, म्हणून बदलाला ‘एफआयए’ची परवानगीही हवी. ती मिळाली आणि युरोपातल्या शर्यती सुरू झाल्यावर लांब सांगाडा आला. पण पंख आणि तळपट्टी सुधारण्यासाठी राखलेला पैसा या डागडुजीत गेला. बिचाऱ्या सीएफडीवर सगळं खापर फुटलं, खरं तर टाकीचा हिशेब चुकायला हवेच्या भोवऱ्यांची गरजच नव्हती. मलेशियात दुसरा चालक लुकास दि ग्रासी यानं संघाला पहिल्यांदा शेवटपर्यंत नेलं, चौदाव्या क्रमांकावर, तेही पेट्रोल वाचवत वाचवत.

म्हणून लहान संघाची गाडी बघताना मी सरावातल्या वेळांच्या फार नादी लागत नाही. ढोबळमानानं दहा किलो पेट्रोल म्हणजे फेरीमागे तीन-चार दशांश सेकंद. टाकी जवळपास रिकामी ठेवून एक झकास फेरी मारली की वर्तमानपत्रात नाव येतं आणि प्रायोजकाचा फोनही. २००१ च्या हिवाळ्यात प्रॉस्ट संघाची गाडी सरावात अशीच चमकली होती. वर्षभरात चार गुण मिळाले आणि २००२ च्या जानेवारीत संघाचं दिवाळं निघालं. मी बघतो ती एका दमात केलेल्या फेऱ्यांची संख्या. भरल्या टाकीनं पन्नास-साठ फेऱ्या न थांबता झाल्या का? व्हर्जिनची बहरीनमधली पहिली शर्यत बघा. पात्रता फेरीत ग्लॉक सर्वांत वेगवान गाडीपेक्षा सुमारे पाच सेकंद मागे होता. हे अपेक्षितच होतं. पण शर्यतीत दोन्ही गाड्या अर्ध्यात थांबल्या, ते जास्त बोलकं.

त्याच शर्यतीत एचआरटी संघाची अवस्था याहून केविलवाणी होती. मोसमाआधी सरावच नाही. आपला करुण चांडोक पात्रता फेरीतच पहिल्यांदा त्या गाडीत बसून ट्रॅकवर उतरला. दल्लारानं बांधलेली ती गाडी वर्षभर जवळपास तशीच धावली. तरीही वर्षअखेरीस गुण दोघांनाही शून्य असताना शर्यतींतल्या क्रमांकांच्या हिशेबानं एचआरटी अकरावा ठरला आणि व्हर्जिन बारावा, म्हणजे शेवटचा. २०११ च्या जूनमध्ये संघानं वर्थ यांच्याशी फारकत घेतली.

आता उलटं उदाहरण. २०१५ मध्ये विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडियाची लक्षणं कागदावर वाईटच होती. जानेवारीत मेक्सिकोत फक्त रंगसंगती दाखवली, हेरेथचा सराव चुकवला, दुसऱ्या सरावाला जुनीच गाडी आणली आणि नवी व्हीजेएम-०८ उतरली ती शेवटच्या सरावात. वरवर बघणाऱ्याला हे पैशाचं रडगाणं वाटावं. पण संघानं आपलं काम कलोनमधल्या टोयोटाच्या मोठ्या विंड टनेलमध्ये हलवलं होतं आणि गाडी दोन टप्प्यांत करायचं ठरवलं होतं. मार्चमधली गाडी कामचलाऊ, खरी गाडी जुलैत सिल्व्हरस्टोनला, नाकाला दोन भोकं पाडलेली. उशीर झाला होता, पण सुधारणेला जागा आणि पैसा राखून. व्हर्जिनकडे नेमकं तेच उरलं नव्हतं.

त्या वर्षी फोर्स इंडियानं १३६ गुण घेत पाचवा क्रमांक मिळवला. श्रीमंत मॅक्लारेन-होंडाच्या पदरात मात्र २७च गुण पडले.

पुढच्या आठवड्यात हास : निम्मी गाडी फेरारीकडून विकत घेऊन २०१६ मध्ये पहिल्याच शर्यतीत सहावा कसा आला, ते.