बूर्बाँ (आडनाव)

बूर्बाँ : फ्रान्सच्या राजघराण्यामुळे प्रसिद्धीस आलेले आडनाव. ते मध्य फ्रान्समधील बूर्बाँ–लार्शांबो या गावावरून आले. तेथे उष्णोदकाचे झरे असून ग्रामनामाचे मूळ बोर्व्हो या केल्टिक देवतेच्या नावात असावे, असे मानतात. राजवंशाकडे हे नाव स्त्रीकडून आले. नवव्या लुईचा धाकटा मुलगा रॉबेअर याने १२७२ मध्ये बूर्बाँची वारसदार बेआट्रिस हिच्याशी विवाह केला. वंशजांनी तिच्या जहागिरीचे नाव धारण केले. पितृवंश मात्र कापे घराण्याचाच राहिला. म्हणूनच क्रांतिकारकांनी सोळाव्या लुईस ‘लुई कापे’ म्हटले. हे आपले नव्हे, पूर्वजाचे नाव, असा त्याचा आक्षेप होता.

वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते, नावाशी त्यास कर्तव्य नसते. २१ जानेवारी १७९३ रोजी वध झालेल्या या राजाचे म्हणून एका वाळलेल्या भोपळ्यात जपलेल्या रक्तात ‘जी’ गटाचे वाय गुणसूत्र आढळले. तथापि ऑर्लेआँ व पार्मा शाखांतील तीन हयात पुरुषांत ते ‘आर१बी’ गटाचे असल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. या शाखांचा समाईक पूर्वज तेरावा लुई असल्याने ते रक्त सोळाव्या लुईचे नसावे, हेच अधिक संभवनीय होय.